संदर्भसूचीमुळे शोधनिबंध परत आलाय, हातात दहा दिवस आहेत

हिरण्यकेशी_काठ

नमस्कार मंडळी. मी गडहिंग्लज भागात एका कॉलेजात इतिहास शिकवते. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात जी बोर्डिंगं उभी राहिली, त्यांच्यावर एक शोधनिबंध लिहिलाय. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, तिथून सुरुवात केली आहे. रजा टाकून सकाळच्या एसटीनं कोल्हापूर गाठायचं, पुरालेखागारात बसायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत, असं दोन वर्षं केलं.

काल नियतकालिकाकडून मेल आला. मजकुराबद्दल परीक्षकांची तक्रार नाही, उलट चांगलं लिहिलंय. पण संदर्भ एपीएच्या, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या संदर्भपद्धतीच्या, सातव्या आवृत्तीप्रमाणे नाहीत, मजकुरात आलेली चार नावं सूचीत नाहीत, सूचीतली सात पुस्तकं मजकुरात कुठंच नाहीत. दहा दिवसांत दुरुस्त करून आलं नाही तर या अंकात घेणार नाहीत. वाचून रडू आलं, खरं सांगते.

एकूण ६३ नोंदी आहेत. निबंध मराठीत, पण साधनं मराठी, इंग्रजी आणि मोडी. एपीएच्या पुस्तिकेतली सगळी उदाहरणं इंग्रजी लेखांची. आमच्या मोडी कागदाला काय करायचं, ज्या पुस्तकावर फक्त शके छापलाय त्याला काय करायचं, हे त्यात कुठंच सापडत नाही. मागासवर्गीयांना नोकरीत ५० टक्के जागा राखण्याचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा मी करवीर (कोल्हापूर) सरकारच्या गॅझेटचा म्हणून दिलाय, तो बरोबर आहे का तेही कळेना. कुणी वाट दाखवेल का?

सागरमाळ

ताई, आधी सांगतो, संदर्भासाठी निबंध परत येणं म्हणजे नाकारणं नव्हे. मजकूर पास झालाय, हे मोठं काम झालं.

मी रसायनशास्त्रात पीएचडी करतोय. आमच्याकडे मजकुरात फक्त आकडे असतात आणि सूची त्याच क्रमानं लागते. वैद्यकातही आकडेच, त्यांच्या पद्धतीला व्हँकुव्हर म्हणतात कारण १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या त्या शहरात जमले होते. तुमची एपीए नाव आणि साल पद्धत आहे, त्यामुळे सूची आडनावाच्या अनुक्रमानं लागणार.

हातानं ६३ नोंदी लावत बसू नका. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे, २००६ पासून आहे. एकदा नोंद नीट भरली की वर्डमध्ये कंसातलं नाव आणि शेवटची सूची दोन्ही तेच तयार करतं. मजकुरात आहे पण सूचीत नाही, ही भानगडच राहत नाही, कारण सूची मजकुरातल्या नोंदींवरूनच बनते. उद्या दुसऱ्या नियतकालिकानं शिकागो पद्धत मागितली तर एका क्लिकवर बदलतं.

हिरण्यकेशी_काठ

धन्यवाद दादा. उतरवून घेतलं. पण "राजर्षी शाहू छत्रपती" असं भरलं तर "छत्रपती, रा. शा." असं काहीतरी येतंय. आणि "महाराष्ट्र शासन" चं "शासन, म." झालं.

सागरमाळ

नावाच्या रकान्याशेजारी एक छोटं चिन्ह आहे. ते दाबलं की नाव आणि आडनाव असे दोन रकाने जाऊन एकच रकाना होतो. संस्था, सरकार, छत्रपती, संतांची नावं, सगळी तिथं भरा. जसं लिहाल तसंच राहील.

आणखी एक. इंग्रजी पुस्तकांची नावं साध्या वाक्यासारखी भरा, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करू नका. एपीएला तसंच हवं असतं. दुसऱ्या पद्धतीसाठी लहानाचं मोठं सॉफ्टवेअर करून देतं, पण मोठ्याचं लहान करायला गेलं की ब्रह्मपुरी, कोल्हापूर अशी विशेषनामंसुद्धा लहान होऊन बसतात.

जुना_ग्रंथपाल

बाई, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. तीस वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातला बराच वेळ लोकांचे अर्धवट संदर्भ शोधण्यात गेला. सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा जाहीरनामा. तुम्ही गॅझेटचा तो अंक स्वतः पाहिलात का? पाहिला असेल तर करवीर सरकार हा लेखक, तारीख पूर्ण, गॅझेटचं नाव, भाग आणि पान. पण तो मजकूर एखाद्या चरित्रात किंवा संपादित ग्रंथात वाचला असेल, तर सूचीत त्याच ग्रंथाची नोंद यायला हवी. मजकुरात लिहायचं, करवीर सरकार, १९०२, अमक्या ग्रंथात उद्धृत. यात कमीपणा नाही. ज्यानं तो मजकूर छापून तुमच्यापर्यंत आणला त्याचं श्रेय त्याला मिळतं, आणि त्याच्याकडून उतरवताना चूक झाली असेल तर ती तुमच्या माथी येत नाही.

आता एकाच पुस्तकाची नोंद जवळून बघू, म्हणजे बाकीच्या आपोआप उलगडतील. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. त्याचा अहवाल सांकलिया आणि दीक्षित या दोघांच्या नावावर आहे, डेक्कन कॉलेजनं काढलाय, साल १९५२. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या पाच-सहा मुलांच्या वहीत याचं साल १९४६ असायचं. कारण १९४५-४६ हे आकडे शीर्षकातच आहेत आणि मुलं मुखपृष्ठ पाहून उतरवतात. मुखपृष्ठावरून कधीच उतरवू नका. आतलं शीर्षकपान उघडा, त्याच्या मागचं पान उघडा, तिथं प्रकाशनाचं साल असतं. कंसात जायचं ते प्रकाशनाचं साल, खोदकामाचं शीर्षकातच राहतं.

दुसरं, "कोल्हापूर" हा शब्द त्या शीर्षकात कंसात आहे. तो तसाच ठेवायचा. शीर्षक सुधारून घ्यायचा आपल्याला अधिकार नाही. प्रकाशनाचं ठिकाण पूना असं छापलंय. शिकागोच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीप्रमाणे लिहिताना ते लागायचं, आणि पूना छापलंय तर पुणे करायचं नाही. तुमच्या एपीएत सातव्या आवृत्तीपासून ठिकाणच काढून टाकलंय, फक्त प्रकाशक द्यायचा. तुमच्या सूचीत प्रत्येक पुस्तकापुढे पुणे, मुंबई, कोल्हापूर आहे असं मी धरून चालतो. ते सगळं जाईल.

दोन लेखक असले की दोघांची आडनावं प्रत्येक वेळी. तीन किंवा जास्त असले की मजकुरात पहिल्यापासूनच एकाचं आडनाव आणि पुढे "आणि इतर". सूचीत मात्र वीस लेखकांपर्यंत सगळ्यांची नावं येतात. जुन्या सहाव्या आवृत्तीत हे वेगळं होतं. म्हणून जुन्या निबंधावरून नमुना घेऊ नका.

शके आणि मोडीबद्दल रात्री लिहितो.

टाइपसेटर_लक्ष्मीपुरी

ताई, मी डीटीपीचं काम करतो. विद्यापीठाच्या परिसरातले बरेच प्रबंध माझ्या हाताखालून गेलेत. तुमची फाइल कुठल्या फाँटमध्ये आहे? युनिकोड असेल तर हे वाचू नका. जुन्या फाँटमधून बदलून घेतलेली असेल तर सूची एकदा डोळ्याखालून घालाच.

कन्व्हर्टर गोऱ्हेचं गोर्हे करतो. कऱ्हाडचं कर्हाड करतो. मजकुरात एखादं राहिलं तर वाचणारा समजून घेतो, पण सूचीत नाव चुकलं की ते दुसरंच आडनाव होतं. शोधायला गेलं की सापडत नाही. फाइलमध्ये "र्ह" आणि "र्य" शोधा आणि एकेक तपासा. सूर्य, कार्य तसेच राहू द्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मध्ये तो आडवा र हवा.

दुसरं डीओआयचं, म्हणजे ऑनलाइन लेखाच्या कायमच्या क्रमांकाचं. हे माझ्याच हातून एकदा झालंय म्हणून पोटतिडकीनं सांगतो. एका मॅडमचा लेख होता, इंग्रजी लेखांच्या नोंदींना डीओआय होते. मी पूर्ण सूची निवडली आणि मराठी फाँट लावला. जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे उमटतात, ते दिसलं म्हणून मी रोमन अक्षरं परत केली. आकडे मात्र देवनागरीच राहिले. दिसायला छान दिसत होतं. अंक ऑनलाइन आल्यावर मॅडमनी दुवा दाबला, एकही उघडेना. डीओआय हा मजकूर नाही, तो पत्ता आहे. १० आणि टिंबानं सुरू होतो, आणि त्यातला प्रत्येक आकडा इंग्रजीच लागतो. साल देवनागरीत लिहा, पान देवनागरीत लिहा, डीओआयला हात लावू नका. त्या दिवसापासून मी सूचीतला प्रत्येक दुवा दाबून बघितल्याशिवाय फाइल देत नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

मला या सगळ्याचा मनापासून त्रास होतो. दोन वर्षं राबून केलेलं काम, परीक्षक म्हणतात चांगलं आहे, आणि अडलंय काय तर कंस कुठं आणि स्वल्पविराम कुठं. परदेशातल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं ठरवलेले नियम आपण करवीरच्या इतिहासाला का लावायचे? मराठीत तळटीप होती, "तत्रैव" होतं, "पूर्वोक्त" होतं. चांगलं चाललं होतं.

हिरण्यकेशी_काठ

मलाही काल हेच वाटलं होतं. पण काकांचं वाचून रात्री माझी सूची उघडली. ब्रह्मपुरीचा अहवाल माझ्याकडेसुद्धा १९४६ असाच लिहिलेला होता.

जुना_ग्रंथपाल

राजारामपुरीकर, तुमचा राग मला समजतो. तळटिपेत इतिहास जास्त मोकळा श्वास घेतो, हे माझंही मत आहे. इतिहासाच्या नियतकालिकांनी तळटीप ठेवावी, यासाठी मीही पत्रं लिहिली आहेत. पण यांना दहा दिवसांत एपीएच द्यायचंय.

आणि कंस-स्वल्पविरामाच्या मागे काय असतं ते सांगतो. एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिला एका छापील पुस्तकातल्या उताऱ्याचं मूळ पाहायचं होतं. पुस्तकात संदर्भ होता, "शाहू दफ्तर, कोल्हापूर". बस, एवढाच. रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) नाही, फाइल नाही, तारीख नाही. अंबाबाईच्या देवळात हरवलेली चप्पल शोधावी तसं ते काम. ती मुलगी अकरा दिवस येत होती. बारावा दिवस आला नाही, तिनं तो मुद्दाच प्रबंधातून काढला. त्या पुस्तकाच्या लेखकानं तो कागद नक्की पाहिला असणार. तो एक आकडा लिहून ठेवला असता तर ती मुलगी त्याच दिवशी पुढं गेली असती. तेव्हापासून मी संदर्भाला सजावट म्हणत नाही. तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला दिलेला तो शब्द आहे.

आता मोडी कागद. एपीएत अभिलेखागारासाठी साचा आहे, तो आपल्याला चालतो. कागद कुणी लिहिला ते आधी, मग तारीख, मग कागदाचं शीर्षक. शीर्षक नसेल तर तुम्ही केलेलं वर्णन चौकटी कंसात, उदाहरणार्थ, बोर्डिंगच्या खर्चाबद्दल दिवाणांना पत्र. पुढे दफ्तराचं नाव, रुमाल किंवा फाइल क्रमांक, कागदाचा क्रमांक, शेवटी पुरालेखागाराचं नाव आणि गाव. लिप्यंतर तुम्ही स्वतः केलं असेल तर मजकुरात तसं म्हणा.

शके. शीर्षकपानावर शके १८३२ असेल तर त्यात ७८ मिळवून १९१० येतं. पण महिना दिला असेल तर थांबा. माघ-फाल्गुन असेल तर ७९ मिळवायचे, म्हणजे १९११. पौष असेल तर पंचांगाशी ताडून घ्या. नोंदीत मी तरी दोन्ही देतो, शके जसा छापलाय तसा आणि पुढे इसवी.

कोल्हापूरचं जुनं गॅझेटियर वापरलंत का? मुंबई इलाख्याच्या मालिकेतला २४ वा खंड, १८८६ चा. हातात पुनर्मुद्रण असेल तर मजकुरातल्या कंसात मूळ साल आणि तुमच्या प्रतीचं साल, मध्ये तिरकी रेघ. पुनर्मुद्रणाचं एकटंच साल दिलं की वाचणाऱ्याला वाटतं हे शाहू महाराजांच्या नंतरचं लिखाण आहे. तुमच्या विषयात तर हा फरक फार मोठा आहे, १८८६ ला महाराज शिकत होते.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

काका, त्या मुलीचं वाचून गप्प झालो. तळटिपेबद्दलचं माझं मत तेच आहे. पण माझ्याही एका लेखात मी नुसतं "दफ्तर" लिहून मोकळा झालोय. त्याच्या नोंदी काढून बसतो आता.

पन्हाळा_पायथा

दिवाळी अंकाची नोंद कशी करता? महिना नसतो.

जुना_ग्रंथपाल

"दिवाळी" हेच अंकाच्या जागी. साल अंकावर असेल ते. वर्तमानपत्र असेल तर आवृत्ती लिहा, कारण कोल्हापूर आवृत्तीतलं पान ३ पुण्याच्या आवृत्तीत पान ३ असेलच असं नाही.

इचलकरंजी_प्राध्यापिका

एक कळकळीची सूचना. सूची पूर्ण करायला एआयला सांगू नका. मागच्या सत्रात आमच्याकडे एका विद्यार्थ्यानं बारा संदर्भ आणले. नियतकालिक खरं, लेखक खरे, खंड आणि पानंसुद्धा व्यवस्थित. लेख मात्र त्या अंकात नव्हते. आम्ही अंकांच्या अनुक्रमणिका काढून एकेक तपासले, बारातले सात अस्तित्वातच नव्हते. मुलगा वाईट नव्हता, त्याला खरंच वाटलं होतं की यंत्र शोधून देतंय. ज्या नोंदीचा कागद, पुस्तक किंवा लेख तुम्ही उघडला नाही ती नोंद सूचीत नको.

इंग्रजी लेखांचे डीओआय क्रॉसरेफच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, शीर्षक टाकलं की मिळतो. गूगल स्कॉलरचं उद्धरणाचं बटण सोपं आहे, पण तिथून घेतलेल्या नोंदीत पानं, अंक राहून जातात, ताडून घ्या. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला प्रबंध असेल तर ब्राउझरमधला लांबलचक पत्ता नको. प्रबंधाच्या पानावर हँडलचा कायमचा दुवा असतो, १०६०३ असलेला, तो द्या. नोंदीत विद्यापीठाचं नाव आणि अप्रकाशित प्रबंध की प्रकाशित तेही.

सागरमाळ

मॅडमच्या मुद्द्याला जोडून. झोटेरोत एखादी नोंद मागे घेतलेल्या लेखाची असेल तर ते लाल पट्टी दाखवतं. आमच्या विषयात हे फार उपयोगी पडतं.

हिरण्यकेशी_काठ

सहावा दिवस. ४९ नोंदी झाल्या. दोन शंका आहेत. मराठी आणि इंग्रजी ग्रंथ एकाच सूचीत लावायचे का? आणि कॉलेजातले सर म्हणाले, एवढ्या नोंदी असल्या की साम्य तपासणीत, म्हणजे उचललेला मजकूर शोधणाऱ्या तपासणीत, टक्का वाढतो, म्हणून कमी कर.

इचलकरंजी_प्राध्यापिका

नोंदी कमी करू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत साम्य मोजताना संदर्भ आणि ग्रंथसूची वगळायला सांगितलंय. नीट श्रेय दिलेली अवतरणंही वगळतात. तपासणाऱ्यानं तो पर्याय चालू केलाय का एवढंच विचारा. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला त्या नियमात दंड नाही.

जुना_ग्रंथपाल

मराठी निबंध आहे, तर मराठी नोंदी आधी, इंग्रजी नंतर, दोन्हीकडे आपापला अनुक्रम. इंग्रजी पुस्तक रोमन लिपीतच ठेवा, सांकलियांचं नाव देवनागरीत आणून परत रोमनमध्ये न्यायला गेलं की स्पेलिंग बदलतं. नियतकालिकानं एकच सूची मागितली असेल तर त्यांचं ऐका. मागच्या अंकातला एखादा मराठी लेख काढून बघा, ताबडतोब कळेल.

अनुक्रमात एक काळजी घ्या. संगणक क्षीरसागर हे आडनाव क मध्ये बसवतो, कारण त्याच्या लेखी क्ष म्हणजे क आणि ष. आपल्या शाळेच्या वर्णमालेत क्ष शेवटी. कोशांत क मध्येही सापडतं, त्यामुळे दोन्ही चालतं. एकाच सूचीत दोन्ही नकोत. आणि ळ ची जागा संगणकात ल नंतर आहे, आपल्याकडे ह नंतर.

टाइपसेटर_लक्ष्मीपुरी

पाठवण्याआधी झोटेरोचा दुवा तोडून साधा मजकूर करून घ्या, पण जोडलेली फाइल वेगळ्या नावानं ठेवून मगच. तोडल्यावर परत जोडता येत नाही. "आणि इतर" च्या जागी इंग्रजी शब्द आले असतील तर ते या शेवटच्या प्रतीत बदला, आधी बदलले तर सॉफ्टवेअर परत इंग्रजी करतं. दुसरी ओळ अर्धा इंच आत घ्यायची ती परिच्छेदाच्या मांडणीतून घ्या, स्पेसबार दाबून नको, दुसऱ्या संगणकावर सगळं हलतं.

हिरण्यकेशी_काठ

मंडळी, काल रात्री पाठवला. नववा दिवस होता.

६३ च्या ६२ नोंदी झाल्या. सूचीतली जी सात पुस्तकं मजकुरात नव्हती, त्यातली पाच मी वाचलीच नव्हती, मार्गदर्शकांच्या जुन्या यादीतून आली होती. ती काढली. उरलेल्या दोनांचा आधार मी घेतला होता पण मजकुरात लिहायची राहिली होती, ती लिहिली. मजकुरातली चार हरवलेली नावं भरायची म्हणून पुन्हा कोल्हापूरला आले. तीन खर्डेकर ग्रंथालयात मिळाली. चौथं पुस्तक करवीर नगर वाचन मंदिरात होतं.

त्या पुस्तकातलं एक अवतरण माझ्या निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. वहीत पान ४७ लिहिलेलं. ४७ वर ते नव्हतं. तिथंच बसून पुढं वाचत गेले, ७४ वर सापडलं. आणि वाक्य मी लिहिलं होतं तसं नव्हतं. मी "सर्व मुलांना" असं उतरवलं होतं, छापील आहे "गरजू मुलांना". माझा शेवटचा परिच्छेद त्या "सर्व" वर उभा होता. वाचन मंदिराच्या टेबलावरच तो नव्यानं लिहिला. आता तो छोटा झालाय.

काका, गॅझेटचा अंक मी पाहिलेला नव्हता. उद्धृत असं लिहिलंय.

मोडी कागदांच्या एकोणीस नोंदी, रुमाल क्रमांकासकट, झोटेरोत वेगळ्या संग्रहात ठेवल्या आहेत. बोर्डिंगांवर कुणी काम करत असेल तर इथं सांगा, सगळ्या पाठवते.

पन्हाळा_पायथा

ताई, मी लिंगायत बोर्डिंगवर करतेय. मला हव्या आहेत.